पूर्ण जेवण घेतले

बुधवार, २० ऑगस्ट

ही डायरी मला पदवीच्या वेळी गावच्या शाळेनं सत्कारात दिली होती. आत पहिल्या पानावर मुख्याध्यापकांनी लिहिलंय, 'कु. चंचल जंगलू कुमरे, बी.एस.डब्ल्यू., समाजाचा आवाज बनो.' दोन महिने कोरीच होती. पहिलं पान दवाखान्यात बसून लिहीन असं वाटलं नव्हतं.

आईला आज वर्ध्याला भरती केलं. डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलंय. साखर तीनशे चाळीस. डॉक्टर सर म्हणाले, साखर आटोक्यात आली की ते एक बोट काढू, पण उशीर करून चालणार नाही, जखम वर सरकते. आईनं एवढंच विचारलं, "चप्पल बसन ना?" 

परवा पोळा, त्यामुळे बाबा बैलांपाशी. मी एकटीच आहे. महिला वॉर्ड, खाट नऊ. खाटेच्या पायथ्याशी जेवणाचा तक्ता लटकवलाय. ताट रिकामं झालं की नातेवाइकानं 'पूर्ण जेवण घेतले' असं लिहून सही करायची. सिस्टर म्हणाल्या, "नीट भरत जा, इन्सुलिन किती द्यायचं ते आम्ही यावरून पाहतो." इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी टोचतात.

दिवसभर रांगा. पाय दुखताहेत. आईचा पाय पाहिल्यावर हे लिहायचीही लाज वाटते.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

आज पोळा म्हणून साखरेच्या रुग्णालाही ताटात शिरा. काल भात, बटाट्याचा रस्सा आणि केळं. मी जेवण वाढणाऱ्या बबनरावांना म्हटलं, "काका, हिला साखर आहे." ते म्हणाले, "बाई, या वॉर्डात साखर नाई असा पेशंट दाखव मले."

आई सगळं जेवली. "भात चांगला हाय," म्हणाली. "जुना हाय, मोकळा झाला." तुरीचं वरण दोनदा मागून घेतलं. मी चिडले. रिपोर्टमध्ये तीनशे दहा आणि हिला भाताचं कौतुक.

शेजारच्या दहा नंबरवर सुमतीबाई आहेत. रोहण्याच्या निवृत्त शिक्षिका, मांडीचं हाड मोडलंय. त्यांनी पहिल्याच दिवशी बबनरावांना स्वच्छ सांगितलं, "भाऊ, मी चातुर्मास पाळते. कांदा, लसूण, वांगं चालणार नाही." बबनराव "हो ताई" म्हणाले आणि तेव्हापासून त्यांचं झाकलेलं वेगळं ताट येतं. ना अर्ज, ना वाद. मी ते पाहत राहिले. मागणं असं असायला हवं.

रविवार, २४ ऑगस्ट

आहारतज्ज्ञांचं ऑफिस बंद. अर्ज लिहिला. विषय : मधुमेही रुग्णास योग्य आहार मिळणेबाबत. दोन पानं झाली. फाडून एक केलं.

आई आज बाबांशी फोनवर बराच वेळ बोलली. ती दोघं एकमेकांशी आमच्या भाषेत बोलतात, मला निम्मंच समजतं. सुमतीबाईंनी विचारलं, "ही कोणती गं भाषा?" मी म्हटलं, "गावाकडची." 

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "करंजीच्या बुढ्याले माती झाली. आपल्याच भाऊकीतला. सुतक लागलं, आता नवं पुढे गेलं." मी म्हटलं, आई, इथं तुझ्या पायाचं पाहू दे आधी. नवं म्हणजे नव्या पिकाचा घरचा सण, देवाला आणि मेलेल्या माणसांना आधी द्यायचं, मग आपण खायचं. चार वर्षं वसतिगृहात असल्यानं मी एकदाही त्याला घरी नव्हते. सगळं आजीच बघायची. आजी मागच्या माघात गेली.

सोमवार, २५ ऑगस्ट

अर्ज दिला. बबनराव म्हणाले, "अर्ज कायले, मॅडमची हिरवी चिठ्ठी आन. चिठ्ठीशिवाय मी चिमटीभर मीठही कमी करत नाई." आहारतज्ज्ञ मॅडम राउंडला. तीन तास बाकावर. मॅडमचं नाव वेदश्री, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला. "इतकं छान लिहिलेलं कोणी आणत नाही," म्हणाल्या. उद्या चिठ्ठी देते म्हणाल्या.

मी आईला ते वाक्य तीनदा सांगितलं.

मंगळवार, २६ ऑगस्ट

चिठ्ठी मिळाली. भात बंद, बटाटा बंद, केळं बंद. दोन पोळ्या, हिरवी भाजी, मुगाचं वरण, काकडी. आईनं पूर्ण वॉर्डाला सांगितलं, "माया पोरीनं लिहून आनलं." तिच्या तोंडावर असं समाधान मी पदवीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

गुरुवार, २८ ऑगस्ट

बबनराव गणपतीसाठी केळझरला गेलेत. त्यांच्या जागी आलेल्या माणसालाही मी चिठ्ठी दाखवली, आणि बरोबर ताट आलं. बरबटीच्या म्हणजे चवळीच्या शेंगांची भाजी, पिवळं वरण, काकडीच्या चकत्या. मी आईला म्हटलं, बघ, हे असतं खरं जेवण. ती म्हणाली, "चांगलं हाय." मग म्हणाली, "चंचल, गरम पाणी आनतं का?" गरम पाण्याचा नळ खालच्या मजल्यावर. येईपर्यंत ताट रिकामं. सही केली.

संध्याकाळी तेच. दोडक्याची भाजी. तेव्हा तिला भावाला निरोप द्यायचा होता आणि आज वॉर्डात रेंज नाही, म्हणून मी फोन घेऊन व्हरांड्यात. परत आले तर ताट रिकामं.

मी कँटीनमध्ये बरबटी-पोळी खाल्ली. चांगली होती.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

साखर एकशे चौदा. सर म्हणाले, "वा. काय जादू केली?" मी सांगितलं, सर, फक्त डाएट. त्यांनी ऑपरेशन मंगळवारी धरलं.

कॉलेजमध्ये मॅडम म्हणायच्या, यंत्रणा वाईट नसते, तिला कोणीतरी विचारावं लागतं. मला ते आज पटलं. आई मात्र थकलेली दिसते. हात थरथरतो. जखमेचा त्रास असेल.

तिनं पुन्हा विचारलं, "बाबाचा फोन आला का? घरी नवं झालं का?" मी म्हटलं, सुतक संपल्यावर करतील. तिचं शेतात, घरात लक्ष अडकून राहतं. इथे असून इथे नाही.

शनिवार, ३० ऑगस्ट

सुमतीबाई म्हणाल्या, "तुझी आई पोळी कोरडीच चावते गं. पाण्याच्या घोटाबरोबर." मला वाटलं, दातांचं असणार. मागच्या वर्षी तिच्या दोन दाढा काढल्या. मी कशी विसरले. वेदश्री मॅडमना जाऊन सांगितलं, आईला मऊ द्या. त्यांनी लगेच चिठ्ठी बदलली : दलिया आणि मुगाची खिचडी, त्यातच भाज्या. सगळं एकात. गिळायला सोपं.

रविवार, ३१ ऑगस्ट

सकाळी खिचडी, रात्री खिचडी. दोन्ही वेळा ताट रिकामं. दोन्ही वेळा सही. दमलेय. लिहायला काही नाही.

सोमवार, १ सप्टेंबर

दुपारी एक वाजता मी कपडे पिळून आले तर आईचं कपाळ घामानं चिंब. डोळे उघडे, पण माझं नाव घेईना. मी हलवलं. तिनं आजीला हाक मारली. सिस्टर धावत आल्या, बोटातून रक्त घेतलं. साखर बेचाळीस. शिरेतून ग्लुकोज सोडलं. दहा मिनिटांनी म्हणाली, "ओली झाली वं मी."

सरांनी विचारलं, जेवल्या होत्या का. मी म्हटलं, हो सर, पूर्ण. तक्ता दाखवला. माझ्या सह्या ओळीनं. सर तक्ता पाहत राहिले, मग माझ्याकडे.

ताप चढलाय. उद्याचं ऑपरेशन पुढे ढकललं.

मंगळवार, २ सप्टेंबर

सकाळी साफसफाईच्या पौर्णिमामावशी आल्या आणि आईच्या उशाशी उभ्या राहून म्हणाल्या, "आज डबा नाई का ताई?" मग मला पाहून बादलीकडे वळल्या. मी विचारलं, कोणता डबा. त्या माझ्याकडे न बघता फडकं पिळत म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नको पोरी. तुई आई ताटातलं माया डब्यात टाकून देते. मी म्हटलं, ताई, तुमी खा. ते म्हणे, ने तुया बकरीले. मले वाटलं तिले अन्नच नको झालं. आठ दिवस झाले, तुया चिठ्ठीवर माई बकरी पोसून राह्यली."

हसू आलं आणि हुंदकाही. आधी काय ते आठवत नाही.

आईला मी नको तितक्या मोठ्यानं विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून बोलली.

"नवं झालं नाई ना अजून. बरबटी, दोडकं, काकडी, सारं या पावसाचं. मूग नवा का जुना, कोन सांगन? तुई आजी होती तवा मी खाऊन घेत होती, चालत होतं. घरच्या मोठ्या बाईनं पाळलं का साऱ्यायचं होते. आता मोठी बाई मी. पहिलंच वर्स हाय."

"मग बोलली काऊन नाई?"

"कवा बोलू? तू भांडून आनलं. अर्ज लिहिला. ते मॅडम चांगलं म्हणे. भात होता तवा मी जेवत होती ना. पोळी होती तवा पोळी खाल्ली. मग तू खिचडी आनली."

तिला भात चालत होता. तो मी बंद केला. पोळी चालत होती. तीही मीच बंद केली. आमच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच पाठात होतं, आधी ज्याचं काम आहे त्याला विचारा. त्या पेपरात मला अठ्ठ्याहत्तर मार्क होते.

मी म्हटलं, आई, पायाचा प्रश्न आहे, औषध म्हणून खा. ती म्हणाली, "औषध म्हणून मी पोटात सुई घेतो. हे नाई."

बुधवार, ३ सप्टेंबर

वेदश्री मॅडमकडे गेले. दारापर्यंत खरंच सांगणार होते. म्हटलं, आईला हिरव्या भाज्यांची ॲलर्जी आहे. आणि मुगाची. आणि काकडीची.

त्यांनी पेन ठेवलं. "अंगावर पुरळ येतं? श्वास लागतो?" मी "हो" म्हटलं. "कधीपासून? फाईलमध्ये का नाही? ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांना सांगावं लागेल, औषधं बदलतील." त्यांनी लाल पेन घेतलं. मी म्हटलं, मी आईला नीट विचारून येते, आणि पळाले.

आईनं दिवस दूध आणि बिस्किटांवर काढला. ताप आहेच. ड्रेसिंग बदलताना मला बाहेर काढलं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

सकाळी बबनराव सुमतीबाईंचं झाकलेलं ताट घेऊन आले. सुमतीबाईंनी झाकण उचलून वास घेतला. "लसूण आहे यात, भाऊ." बबनराव ताट घेऊन निमूट परत गेले. मी ते पाहिलं. याआधीही पाहिलं होतं. पण तेव्हा मी त्यांच्या बोलण्याच्या पद्धतीकडे पाहत होते.

मॅडमकडे गेले. बसलेच नाही, बसले असते तर पुन्हा खोटं बोलले असते. म्हटलं, "मॅडम, ॲलर्जी नाही. मी खोटं बोलले. आम्ही गोंड आहोत. आमच्यात नवं पीक देवाला आणि पूर्वजांना दिल्याशिवाय घरची मोठी बाई खात नाही. यंदा आमच्याकडचं अजून व्हायचं आहे. आई आठ दिवस अर्धपोटी आहे, आणि ते माझ्यामुळे."

त्या लाल पेनाचं टोपण लावत राहिल्या. म्हणाल्या, "मग हे सांगायला एवढे दिवस का लागले? चातुर्मासाची मी रोज सहा ताटं लिहिते. रमजानमध्ये पहाटेचं जेवण पाठवलं. यात काय अवघड आहे?"

त्यांना वाटत असेल, काहीच अवघड नाही.

मग आम्ही दोघी बसून शोधत गेलो. ज्वारी मागच्या हंगामाची, चालेल. तूर जुनी. हरभरा जुना, म्हणजे पिठलं. अंडं. मेथीदाण्याची उसळ. "साखरेसाठी हे माझ्या खिचडीपेक्षा वाईट नाही," त्या म्हणाल्या. चिठ्ठीवर लिहिलं : 'नवीन हंगामातील धान्य, कडधान्य, भाजी नको. रुग्णाची धार्मिक प्रथा.' मी म्हटलं, प्रथा नको, पथ्य लिहा. त्यांनी खोडून लिहिलं.

बबनरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "एकाले गोड नको, एकाले लसूण नको, आता एकाले नवं नको. आमाले तं शिळंच भेटते, आमी कोनाले सांगाचं?" पण ताट आणलं. झाकून आणलं. आईला म्हणाले, "तूर जुनी हाय माय, कोठीतली. मी सोता पाहिली."

आईनं दीड भाकर खाल्ली. मी समोरून हलले नाही. तिनं गरम पाणी मागितलं, तर म्हटलं, जेवण झाल्यावर.

सुमतीबाईंनी हळूच विचारलं, "मग ती भाषा गोंडी होती तर?" मी हो म्हटलं. "सांगायचं ना तेव्हाच," म्हणाल्या. सगळेच हे म्हणतात.

शनिवार, ६ सप्टेंबर

ऑपरेशन झालं. सरांनी आधी एक बोट म्हटलं होतं. दोन काढली.

मी विचारलं नाही की मंगळवारी झालं असतं तर किती. प्रश्न कागदावर लिहून नेला होता. विचारलं नाही. सरांनी साखर चांगली आहे म्हणून सांगितलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

आई शुद्धीवर आल्यावर पट्टीकडे बघत म्हणाली, "दोन गेले का?" मी मान हलवली. "तीन तं ठेवले. तुया बाबाच्या बैलाले तं दोनच असते." मग झोपली. ती हसवत होती की खरंच तसं वाटत होतं, कळलं नाही. मी तिच्या पायाशी बसून राहिले.

मंगळवार, ९ सप्टेंबर

बाबा आले. सकाळची पहिली एसटी पकडून कारंज्याहून. धोतर नवं, पायाला चिखल. हातात पळसाच्या पानात बांधलेली पुडी आणि स्टीलचा डबा.

सुतक रविवारी संपलं, भुमकानं कालचा दिवस दिला. भुमका म्हणजे आमच्या गावचा पुजारी. त्याला बाबांनी विचारलं की घरची बाई दवाखान्यात आहे, कसं करायचं. तो म्हणाला, चूल आहे ना, मग तू शिजव. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा नवं शिजवलं. बरबटी, दोडकं, मूठभर नव्या मुगाची डाळ. देवाला दिलं, आजीचं पान ठेवलं, मग आईच्या वाट्याचं बांधून आणलं.

आईनं पुडी सोडली. बोटावर घेऊन चिमूटभर खिडकीच्या कठड्यावर ठेवलं, दोन ठिकाणी. एक आजीचं. दुसरं कोणाचं ते मी विचारलं नाही. मग खाल्लं. चावत चावत बाबांकडे पाहिलं.

"मीठ किती टाकलं?"

"अंदाजानं टाकलं."

"सासू असती तं तुमाले चुलीपासून हाकलून देल्लं असतं."

बाबा म्हणाले, "तेच तं. ते नाई म्हणून जमलं."

मला सांगावंसं वाटलं. मी म्हटलं, आई, मी तर कँटीनमध्ये रोज बरबटी खात होते. आईनं दुसरा घास घेतला. "मले मालूम हाय. तुया तोंडाचा वास येत होता. तू तवा मोठी बाई नव्हती, चालते." मग म्हणाली, "पुढच्या वर्सी पाहू."

पुढच्या वर्षी काय पाहू, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारायचं उद्यावर टाकलं.

बबनराव ताट घेऊन आले तेव्हा आईनं विचारलं, "दादा, आता तुमचं सारं चालते मले. काय भाजी हाय?" ते म्हणाले, "आता? आता बटाटा हाय." तो मात्र मी परत पाठवला.

सिस्टरनी तक्ता भरायला सांगितला. 'काय' खाली लिहिलं : नवं, घरून, मीठ जास्त. 'किती' खाली नेहमीचे तीन शब्द लिहायला हात गेला, तो थांबवला. लिहिलं : चार घास. समोर बसून पाहिले. सही केली.